मदत हवी आहे: खाडीजवळच्या फ्लॅटमध्ये स्कीचं सामान पावसाळाभर कसं सांभाळायचं?

खाडीवाला

नमस्कार मंडळी,

नेरूळला खाडीच्या बाजूला राहतो. गुलमर्गला भाड्याचे बूट कधीच धड बसत नाहीत, म्हणून बायकोने आणि मी यंदा एका ओळखीच्यांकडून वापरलेलं सामान विकत घेतलं. दोन जोड स्की, बूट, हेल्मेटं, गॉगल. आता पुढचा बर्फ थेट डिसेंबर-जानेवारीत, आणि मध्ये अख्खा पावसाळा.

जिथे वाचावं तिथे एकच सल्ला: थंड, कोरड्या जागी ठेवा, गॅरेज उत्तम. तिकडे ऑफ-सीझन म्हणजे कोरडा उन्हाळा. आपल्याकडे तेव्हा चामडी पट्ट्याला बुरशी येते आणि मिठाला पाणी सुटतं. त्या सल्ल्यातलं इथे काय चालतं, एवढंच विचारायचंय.

स्कीच्या एका जोडाच्या तळाच्या स्टीलच्या कडांवर आत्ताच तांबूस ठिपके आहेत. बोट फिरवलं की विटकरी पावडर लागते, पण नखाने खरवडून ठिपका जात नाही. यावर थेट वॅक्स (इस्त्रीने वितळवून स्कीच्या तळाला लावतात ते मेण) लावू का? घरच्या इस्त्रीने चालेल? बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याच्या) स्प्रिंगा सैल कराव्यात का? आणि ठेवायचं कुठे? १७० सेंटिमीटरच्या स्की दिवाणात जेमतेम मावतात, पण दिवाण बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि त्या भिंतीला दरवर्षी ओल येते. माळ्यावर जागा आहे, वर गच्चीचा स्लॅब. आई म्हणते, सगळ्यात डांबराच्या गोळ्या टाक आणि मोकळा हो.

घोडबंदरकर

आईंना नमस्कार सांगा, पण गोळ्या नकोत. हेल्मेटच्या आतलं फोम बहुतेक पॉलिस्टायरीनचं असतं, नॅफ्थलीनच्या वाफेने ते खराब होतं. वरून दिसणार नाही, डोकं आपटेल तेव्हा कळेल.

आधी गंज काढा. अगदी बारीक पॉलिश पेपर किंवा गंज घासायचा रबरी ठोकळा कडेच्या लांबीने फिरवा, आडवा नाही. पुसून पूर्ण कोरडं करा, मगच वॅक्स. स्कीचा तळ पॉलिथिलीनचा असतो, त्यामुळे इस्त्री सतत सरकती ठेवा. वॅक्समधून धूर आला तर इस्त्री जास्त तापली आहे. वाफेची इस्त्री घेऊ नका, भोकांत वॅक्स बसतं. जुनी साधी इस्त्री घ्या आणि ती परत कपड्यांना लावायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा (अनुभव नाही, पण आमच्या हिच्याकडे बघून सांगतोय). थर जाड द्या, कडांवरूनही ओढा आणि खरवडू नका. डिसेंबरमध्ये खरवडायचा. हवा आणि लोखंड यांच्यामध्ये तोच थर उभा असतो.

स्प्रिंगा आहेत तशा राहू द्या. सैल केल्या आणि परत लावायच्या राहिल्या, तर पहिल्याच उतारावर स्की पायातून सुटेल. बाइंडिंगवर गंज सोडवायचा स्प्रेही मारू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं.

मचाणावरचा

माळा बाद. मे महिन्यात तो स्लॅब तापून भट्टी होते आणि बुटांच्या प्लॅस्टिकला ते नको. तुमचे बूट वापरलेले आहेत म्हणून आणखी एक: पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकची बुटांची बाहेरची कवचं दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की आतून कमकुवत होतात, आणि एखाद्या दिवशी घालताना तडकतात. किती जुने आहेत ते विचारून घ्या.

बुटातले लायनर (आतला मऊ बूट) काढून पंख्याखाली वाळवा, परत घाला आणि बकल शेवटच्या खाचेत सैल अडकवून ठेवा, नाहीतर कवचाचा आकार फाकतो.

सिलिका जेलबद्दल: उघड्या कपाटात ठेवलेली पुडी पावसाळ्यात थोड्याच दिवसांत भरून जाते. हवाबंद पिशवी असेल तरच उपयोग. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरा. पण आधी सगळं खडखडीत वाळलेलं हवं, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल. आणि कपाटात ओल शोषणारा तो डबा असतो ना, ज्यात पाणी साठतं, तो स्कीजवळ नको. ते पाणी म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचा द्राव, कडांवर सांडला तर तुमचा गंज आणि तो, दोघांची दोस्ती.

घोडबंदरकर

पिशवीबद्दल माझं मत वेगळं आहे. मी कापडी कव्हरात ठेवतो, आणि दर १५-२० दिवसांनी उघडून कडा पुसतो. पिशवी बंद करून विसरणाऱ्यांनी मात्र मचाणावरच्यांचंच ऐकावं. आणि स्कीची जोडी बांधताना मधली कमान (स्कीचा मधला किंचित उचललेला भाग) दाबून घट्ट पट्टा लावू नका.

खाडीवाला

मंडळी, आभार. दिवाण भिंतीपासून वीतभर पुढे ओढतो. पाऊस ११ जूनच्या आसपास येतो असं धरलं तर वेळ आहे. मी विसरणाऱ्यांतला, म्हणून पिशवी. वाशी-नेरूळकडे कुणाकडे उरलेलं वॅक्स पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन नेतो.