चर्चा: जनावरांच्या आजाराची वर्दी माणसांच्या डॉक्टरपर्यंत का पोचत नाही?

परळ_टीटी (धागाकर्ता)

पहिला मोठा पाऊस झाला की पालिकेचं आवाहन येतं. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्या, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. आवाहन बरोबरच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिसच्या तापानं) काय केलं ते आपण पाहिलंय. पण लेप्टोचे जंतू पाण्यात येतात ते उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून. माणूस तापानं फणफणायच्या आधी आजार जनावरात असतोच. तरी आपली मोजणी सुरू होते ती माणूस खाटेवर पडल्यावर.

मुंबईला तरी याची सबब नाही. परळला केईएम आहे, हाफकिन आहे, बैलघोड्याचं हॉस्पिटल आहे आणि त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. साथींचं अर्धं शास्त्र इथंच घडलं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, पुढे १९०५ पासून प्लेग आयोगानं परळच्याच प्रयोगशाळेत उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की केली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यातही आधी उंदीर पडले, मग माणसांना गाठी आल्या. 'उंदीर पडायला लागले की घर सोडा' हे आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना पोर्टल.

आता केंद्राचं 'वन हेल्थ' मिशन आहे, म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला राष्ट्रीय संस्थेची पायाभरणीही झाली. चांगलंच आहे. पण कुर्ल्यातला उंदीर नागपूरला जाऊन वर्दी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच की नवी संस्था नको, वॉर्डात एमओएच म्हणजे पालिकेचा आरोग्य अधिकारी आहे, कीटकनाशक खातं आहे, तिथेच जनावरांची बातमी यावी. खासगी पशुवैद्य, देवनारचा कत्तलखाना, बैलघोडा, कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या संस्था यांनी आठवड्याला एक ओळ पाठवावी: काय दिसलं, कुठल्या गल्लीत. ती ओळ ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरलाही जावी, कारण मुलुंडचा चेकनाका कुत्र्याला माहीत नाही.

---

तापवाला_डॉक्टर

अजिबात सहमत नाही. तीस वर्षं भांडुपला दवाखाना चालवतोय, म्हणून सांगतो.

लेप्टोचंच घ्या. उंदीर लेप्टोनं मरत नाही. जंतू मूत्रपिंडात बाळगतो, महिनोन् महिने सोडत राहतो आणि स्वतः टुणटुणीत असतो. मुंबईत उंदीर तपासले तर त्यात लेप्टो सापडणारच, मेमध्येही आणि ऑगस्टमध्येही. म्हणजे तुमची आठवड्याची ओळ वर्षभर तेच सांगणार. प्लेगचा उंदीर पडायचा, म्हणून तो इशारा होता. लेप्टोचा इशारा पर्जन्यमापक देतो आणि तो हवामान खात्याकडे आधीच आहे.

दुसरं, माणसांचीच नोंद धड होत नाही. जुलैत माझ्यासमोर चाळीस तापाचे बसतात. डेंगी, मलेरिया, लेप्टो, नुसता व्हायरल, पहिल्या दोन दिवसांत सगळे सारखेच दिसतात. लेप्टोची आयजीएम ही रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. मी वाट न बघता औषध सुरू करतो, पेशंट बरा होतो, तपासणीला परत येत नाही आणि तो कुठल्याच आकड्यात जात नाही. आधी हे भोक बुजवा. त्या पैशात प्रत्येक वॉर्डाला चांगली प्रयोगशाळा द्या. जनावरांचा आकडा हातात आला तरी मी काय वेगळं करणार आहे? डॉक्सिसायक्लिनच देणार.

'७५ टक्के नवे आजार प्राण्यांतून येतात' हे वाक्य प्रत्येक परिषदेत ऐकू येतं. खरंही असेल. पण ते भाषणाला ठीक, ओपीडीला त्याचा उपयोग नाही.

---

विरुद्धमत

+१ डॉक्टरांना. आणि कबुतरं राहिली की धागाकर्त्याच्या यादीत. दादरला कबुतरखान्यावरून एवढं रामायण झालं.

---

बैलघोडा_८९

कबुतरांचं आधी संपवतो. विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाला जी सूज येते ती ॲलर्जीची प्रतिक्रिया आहे, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कबुतरांतून संसर्गही होऊ शकतात, पण दादरचा वाद ज्या आजारावरून पेटला तो साथीचा नव्हे. त्याला इथे नको आणूया.

मी पशुवैद्य आहे. उंदरापुरतं डॉक्टरांचं म्हणणं मान्य, उंदीर तपासत बसण्यात अर्थ नाही. पण कुत्रा लेप्टोनं आजारी पडतो. कावीळ होते, मूत्रपिंड जातं, मालक रडत येतो. एकाच चाळीतून दोन-तीन कुत्री अशी आली तर ती ओळ एमओएचला हवी की नको? डॉक्टर, पाऊस अख्ख्या भांडुपवर पडतो. कुठल्या गल्लीत गोळ्या घरोघर वाटायच्या हे पर्जन्यमापक सांगत नाही.

खरा मुद्दा मात्र रेबीजचा आहे आणि त्यावर इथे कुणीच बोललं नाही. कुत्रं चावलं की माणूस तुमच्याकडे येतो, तुम्ही लस देता, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडं. बरोबर. ते कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. कोण ठेवतं? ते दोन दिवसांत मेलं तर त्याचा मेंदू तपासायला हवा. पण मेलेलं कुत्रं गाडीत जातं आणि विषय संपतो. ते पिसाळलेलंच होतं हे कळलं असतं, तर त्यानं त्या आठवड्यात आणखी कुणाकुणाला चावलं ते शोधता आलं असतं. ज्या पोरानं मार पडेल म्हणून घरी सांगितलंच नाही, त्याचा जीव त्या एका तपासणीवर टांगलेला असतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की तुमच्या हातात काही उरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता उलट दिशेनं. आमच्या धंद्यात गाभडलेल्या म्हशीची वार हातानं काढावी लागते. जनावर गाभडवणारा ब्रुसेलोसिस माणसाला तिथूनच लागतो. माझा एक मित्र असाच महिनोन् महिने तापानं झिजला. संध्याकाळी ताप, रात्री घामानं चादर ओली, सांधे धरलेले. टायफॉईड म्हणून औषधं झाली, मग क्षयाची शंका निघाली. एकाही डॉक्टरनं 'तुम्ही काम काय करता?' हे विचारलं नाही. केसपेपरवर तो रकाना असतो, कोराच राहतो. समन्वयासाठी मिशन नको, तो रकाना भरा.

---

तबेला_जोगेश्वरी

सगळे शिकलेले लोक बोलताय, एक अडाणी प्रश्न विचारतो. म्हैस गाभडली. मी पशुवैद्याला सांगितलं. त्यानं तुमची ती ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात पालिकेचा माणूस. तिसऱ्या दिवशी आजूबाजूला बोभाटा की याच्या तबेल्यात रोग आहे. रतीब कोण घेणार माझा?

२००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सुरुवातीला पोल्ट्रीवाले मानमोडीच (कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग) आहे म्हणून सांगत होते. सगळे म्हणतात लपवत होते. लपवणारच. कोंबड्या मारायला पथकं आली आणि मुंबईतसुद्धा चिकनच्या दुकानात माशा मारत बसले. आधी भरपाईचं बोला, मग वर्दीचं.

---

बैलघोडा_८९

भरपाई अशक्य नाही. २०२२ च्या लंपीत, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत, राज्य सरकारनं मेलेल्या दुभत्या गायीमागे ३० हजार रुपये दिले. आणि लंपी तर माणसाला होतसुद्धा नाही.

---

तबेला_जोगेश्वरी

मेलेल्या. गाभडलेली म्हैस मरत नाही साहेब, नुसती वर्षभर खात बसते.

---

तापवाला_डॉक्टर

यांचा प्रश्न रास्त आहे आणि मुंबईत तो बऱ्याच अंशी गैरलागूही. दूध उकळलं की ब्रुसेला मरतो, आपल्याकडे उकळल्याशिवाय दूध घेतं कोण? धोका आहे तो तबेल्यात राबणाऱ्यांना आणि पशुवैद्यांना. मूठभर माणसं. त्यांची वर्षातून एकदा रक्ततपासणी करा, संपलं. त्यासाठी अख्ख्या महानगराची यंत्रणा कशाला?

---

विरुद्धमत

मला भीती वेगळीच आहे. तुम्ही प्लेगचं कौतुक केलंत, प्लेगचा कायदा विसरलात. १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगसाठी आला. घरात घुसून झडत्या, बायकामाणसांची भर रस्त्यात तपासणी, सामान जाळणं. पुण्यात त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. हा कायदा कोविडमध्येही वापरला गेला. जनावरांची वेगळी यादी आणि माणसांची वेगळी यादी आहे तोवर कुणाच्याच हातात पूर्ण नकाशा नाही. एकत्र केल्या की कुठली गल्ली 'रोगट' ते एका माणसाच्या टेबलावर दिसणार. ती गल्ली कुणाची असेल? मलबार हिलची नसणार.

---

परळ_टीटी

@विरुद्धमत, हा सर्वांत वजनदार आक्षेप वाटला. पण झडत्यांचा परिणाम काय झाला ते पाहा. लोकांनी पेशंट लपवले, प्रेतं लपवली आणि आकडे आणखी खोटे झाले. तबेलेवाले आज तेच सांगताहेत. म्हणून ती ओळ पोलिसी नको, गल्लीपर्यंतच हवी, मालकाच्या नावाशिवाय. एमओएचला 'अमक्या पट्ट्यात म्हशी गाभडताहेत' एवढं कळलं तरी तिथल्या दवाखान्यांना सावध करता येतं.

@डॉक्टर, मूठभर माणसं म्हणालात. नवा आजार सुरू होतो तो मूठभरांतूनच.

---

दोडामार्गकर

मी चाकरमानी, घाटकोपरला राहतो, गाव दोडामार्ग तालुक्यात. २०१६ ला आमच्याकडे माकडताप आला. त्याआधी तो कर्नाटकचा आजार, १९५७ मध्ये शिमोग्याकडे पहिल्यांदा माकडं मरून पडली तेव्हा सापडलेला. आमच्याकडे तो येतो ऐन काजूच्या हंगामात, गोचिडीतून. बागेत गेल्याशिवाय तर चूल पेटत नाही.

तुम्ही ज्या समन्वयावर इथे वाद घालताय तो आम्हाला नाइलाजानं करावा लागला. मेलेलं माकड वनखात्याचं. गुरांच्या अंगावरची गोचीड पशुसंवर्धनची. तापानं फणफणलेला माणूस आरोग्य खात्याचा. बागेत माकड मरून पडलं की बाकी दोघांना कळायलाच हवं, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्याच जागी पसरतात. आता गावातलं शेंबडं पोरही मेलं माकड दिसलं की हात न लावता सांगायला धावतं.

डॉक्टरसाहेब, तिथे ओपीडीत बसून काही कळत नाही. आधी माकडच पडतं.

---

तापवाला_डॉक्टर

तुमचं उदाहरण चोख आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. एक आजार, एक तालुका, ठरलेला हंगाम, ठरलेलं जनावर. तिथे वर्दीला अर्थ आहे, कारण वर्दी आली की काय करायचं ते ठरलेलं आहे. मुंबईच्या धाग्यात मात्र उंदीर, कुत्री, म्हशी, कोंबड्या सगळं एका ओळीत कोंबलंय. असं काही केलं की वर्षभरात तक्ते उरतात आणि ते कुणी उघडत नाही.

---

भटक्यांची_मावशी

मग एकच आजार घ्या, रेबीज. शेजारचं उदाहरण आहे. गोव्यानं २०१४ च्या सुमारास मिशन रेबीज या संस्थेबरोबर काम सुरू केलं. पशुसंवर्धन खातं, आरोग्य खातं, शाळा सगळे एकत्र. कुत्र्यांना लस, पोरांना शिकवण आणि संशयित कुत्रं दिसलं की फोन केल्यावर येणारं पथक. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास प्रसिद्ध झालाय. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचं देशाचं ध्येयही २०३० चं आहे. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, सगळ्यांना द्यावी लागत नाही.

पण आमची अट ऐका. आम्ही रोज खायला घालतो, कुठलं कुत्रं आज गप्प बसलंय, कुठल्याची लाळ गळतेय हे आम्हाला पहिल्यांदा दिसतं. वर्दी द्यायला आम्ही एका पायावर तयार आहोत. मात्र एकाची वर्दी दिली म्हणून अख्ख्या गल्लीतली लस घेतलेली कुत्री उचलून नेली, तर पुढच्या वेळी आम्हीही गप्प बसू. लस घेतलेली कुत्री हटवली की त्या जागेवर बिनलशीची येतात, हे एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणीतरी समजवा.

---

विरुद्धमत

सेक्रेटरीला समजवणं वन हेल्थच्या आवाक्याबाहेर आहे.

---

तापवाला_डॉक्टर

मावशींच्या योजनेला माझी हरकत नाही. रेबीजपुरतं करा. कुत्र्याच्या तपासणीचा निकाल त्याच दिवशी दवाखान्यात आला, तर मी लसीचे डोस अर्धवट सोडलेल्यांना स्वतः फोन करीन. तिसऱ्या इंजेक्शननंतर निम्मे लोक येतच नाहीत, हा माझा रोजचा वैताग आहे. कामाचा रकानाही भरायला सुरुवात करतो, त्याला पैसे पडत नाहीत. लेप्टो आणि ब्रुसेलावर माझं मत तेच.

पण मेलेल्या कुत्र्याचा मेंदू काढायचा कुणी, प्रयोगशाळेपर्यंत न्यायचा कुणी आणि खर्च कुठल्या खात्यातून? आरोग्य म्हणणार जनावर आमचं नाही. पशुसंवर्धन म्हणणार शहर आमचं नाही.

---

बैलघोडा_८९

काढायला आम्ही आहोत. बर्फाच्या डब्यात भरून न्यायला माणूस आणि गाडी पालिकेनं द्यावी. खर्च आरोग्याच्याच बजेटात धरा, वाचणारा जीव माणसाचा आहे. सुरुवात एकाच वॉर्डात करा, पावसाळ्याआधी.

---

तबेला_जोगेश्वरी

कुत्र्याचं ठरलं. म्हशीचं कधी बोलताय?