मदत हवी आहे: फोंड्याहून ऑनलाइन ऑर्डरी जातात, गोदाम कुंडईला घ्यावं, वेर्ण्याला की सरळ भिवंडीला?

मंडळी, नमस्कार. गोदामाच्या जागेबद्दल सल्ला हवा आहे. निर्णय चवथीच्या आधी घ्यायचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आम्ही नवरा-बायको गोव्यातल्या फोंड्याजवळच्या गावातून काजूगर, कोकमाची सोलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि काणकोणातल्या खोल गावची मिरची ऑनलाइन विकतो. चार वर्षं घराच्या पडवीत काम भागलं, आता पडवी पुरत नाही. दहातल्या सहा ऑर्डरी मुंबई-ठाणे-पुण्याच्या, दोन गोव्यातल्याच, उरलेल्या बेळगाव-बेंगळूरकडच्या. गिऱ्हाइकांची तक्रार एकच: माल चांगला, पण यायला फार दिवस लागतात.

आधी मी पिनकोडनुसार ऑर्डरी नकाशावर मांडल्या आणि त्यांचा मध्य काढला. तो आला कऱ्हाडच्या पश्चिमेला, कोयनेच्या डोंगरात! तिथे गोदाम घेऊन उपयोग काय? मग लक्षात आलं की पार्सल सरळ रेषेत जातच नाही.

जूनमधलं एक पार्सल सांगतो. सावंतवाडीच्या एका आजींनी आगळ मागवलं होतं. आमच्याकडून सावंतवाडी दोन तासांची वाट. सोमवारी संध्याकाळी सहाला पार्सल तयार होतं, पण कुरियरचा मुलगा चारलाच येऊन गेला होता. मंगळवारी उचललं. बुधवारी रात्री गोव्याबाहेर पडलं, शुक्रवारी मुंबईजवळच्या हबमध्ये (जिथे कुरियरची पार्सलं गोळा होऊन पुढे वाटली जातात तिथे) दिसलं, आणि सोमवारी सावंतवाडीला पोचलं. म्हणजे घाट नाही, वाट नाही, तरी पूर्ण आठवडा. आजींनी फोनवर विचारलं, "बाळा, तू स्वतः एसटीत ठेवलं असतंस तर?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता समोर तीन पर्याय आहेत.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड मिळते आहे. घरापासून जवळ, बायकोला रोज ये-जा करता येईल. पण भोम-बाणस्तारीचा रस्ता संध्याकाळी तुंबतो आणि कुरियरची गाडी नेमकी तेव्हाच निघते.

वेर्ण्याला भाडं जास्त, पण राष्ट्रीय महामार्ग 66 लागून आणि मडगाव स्टेशन जवळ. 2022च्या डिसेंबरअखेर झुआरीचा नवा पूल सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडीही राहिलेली नाही. आम्हाला मात्र रोज बोरीच्या पुलावरून जावं लागेल. कोणी धारगळही सुचवतं, मोपा विमानतळ जवळ म्हणून. आमच्यासारख्यांची पार्सलं तिथून खरोखर विमानात चढतात का, हे कोणी अनुभवाने सांगेल का?

तिसरा पर्याय भिवंडी. माल तिथे आधीच ठेवला तर मुंबई-ठाण्याच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशी पोचतील. पण महाराष्ट्रात माल ठेवून तिथून विकायचा तर तिथली वेगळी जीएसटी नोंदणी लागते, साठवणुकीच्या जागेचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना वेगळा, आणि माझाच माल माझ्याच गोदामात पाठवताना आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) भरावा लागतो. तो नंतर वजा मिळतो हे खरं, पण तोवर पैसा अडकतो. शिवाय पावसाळ्यात तिथे आमचा काजूगर कोण कोरडा ठेवणार? इथे बायको दर दोन दिवसांनी डबा उघडून एक गर दातांखाली धरून बघते. कुरकुरीत लागला नाही तर ती अख्खी गोणी बाजूला काढते. हे काम भाड्याने मिळत नाही.

ज्यांनी असा माल पाठवला आहे त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (वेर्ण्याहून):

दादा, मी इथे एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. तुमच्या सावंतवाडीच्या पार्सलातच उत्तर आहे. तुमचा पहिला दिवस गोदामामुळे गेला नाही, चारच्या पिकअपमुळे गेला. जागा बघण्याआधी कुरियरला दोन गोष्टी विचारा: तुमचं हब कुठे आहे, आणि रात्रीची गाडी किती वाजता सुटते. त्या हबपासून अर्ध्या तासात जी शेड असेल ती घ्या, मग ती कुंडईला असो की वेर्ण्याला. पार्सलं स्वतः नेऊन टाकता आली तर आठपर्यंतच्या ऑर्डरीही त्याच रात्री निघतील.

गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गाच्या ऑर्डरी मोठ्या कुरियरला देऊच नका. त्यासाठी स्थानिक टेम्पोवाला किंवा एसटीचं पार्सल बघा.

भिवंडीला सगळा माल नेऊ नका. माल दोन जागी विभागला की अडीअडचणीसाठी ठेवायचा साठा साधारण 1.4 पट लागतो, कारण प्रत्येक जागी वेगळी शिल्लक धरावी लागते. आगळ टिकतं आणि जड आहे, ते तिकडे एकगठ्ठा ट्रकने न्या. काजूगर वहिनींच्या नजरेखालीच राहू दे.

आणि खोके मोजा. बरेच कुरियर लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000ने भागतात, येणारा आकडा किलो धरतात, आणि तो व काट्यावरचं वजन यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात.

धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. आत्ताच टेप घेऊन बसलो. आगळाच्या दोन बाटल्यांचं खोकं 30 बाय 20 बाय 15 आहे, म्हणजे 1.8 किलो, आणि काट्यावर भरलं सव्वा किलो. इतके दिवस जादा पैसे देत होतो. उद्या सकाळी हबवर स्वतः जाऊन गाडीची वेळ विचारतो आणि इथेच लिहितो. तोवर कोणाला फोंडा-सावंतवाडी रोज जाणारा टेम्पो माहीत असेल तर सांगा, आजींची पुढची ऑर्डर आली आहे.