रात्री टणक, पहाटे मऊ : फुटबॉल बदलू का? सल्ला हवा

प्रश्न :
मुलांच्या सरावाचा फुटबॉल रात्री घरात ०.८ बार (दाबाचं एकक) दाबापर्यंत भरते. पहाटे मैदानावर अंगठा सहज रुततो, टप्पा बसका पडतो आणि मुलं हिरमुसतात. घरी परतल्यावर दुपारी तोच बॉल पुन्हा टणक! घरात २५ अंश, पहाटे बाहेर ५. ब्लॅडर (आतली रबरी पिशवी) गेलंय की व्हॉल्व्ह? नवा घेऊ का?

प्रतिसाद १ :
थांबा, इतक्यात घेऊ नका. हवा न भरता टणक होतोय, म्हणजे गळती नाही. तरी खात्री हवी तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा फुगला नाही तर बॉल ठणठणीत आहे.

प्रश्नकर्ती :
बुडबुडा नाही, हायसं वाटलं! पण २० अंशांनी एवढा फरक?

प्रतिसाद २ :
पडतो, कारण गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. आतला खरा दाब ०.८ अधिक वातावरणाचा साधारण १, म्हणजे १.८ बार. तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून धरायचं : २९८ वरून २७८. त्याच प्रमाणात १.८ चा १.६८ होतो. खरा दाब ७ टक्केच उतरला, पण गेजवर ०.८ चा ०.६८ झाला, म्हणजे १५ टक्के. फुटबॉलच्या नियमात ०.६ ते १.१ चालतो, त्यामुळे बॉल अजून नियमात आहे.
व्हॉलीबॉलवाल्यांचे हाल जास्त. तिथे गेजचा दाब मुळातच ०.३ च्या आसपास, त्यामुळे एवढ्याच थंडीत जवळजवळ ३० टक्के उतरतो. आमच्या संघाची सर्व्हिस थंडीत का बिघडते हे मला फार उशिरा कळलं.

प्रश्नकर्ती :
मग रात्रीच जास्त भरून ठेवू?

प्रतिसाद १ :
अजिबात नको, दुपारी उन्हात किंवा बंद गाडीत शिवणीवर ताण येईल. बॉल मैदानावर अर्धा तास गार होऊ द्या आणि मग भरा. सुई आधी पाण्यात बुडवून सरळ घाला, कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते. पंप मारताना हवा तापते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजतानाही थोडी हवा निसटते, सारखं मोजत बसू नका. ऊन चढलं की थोडी हवा सोडा.

प्रश्नकर्ती :
आज तसंच केलं. पहिलाच टप्पा कमरेपर्यंत आला आणि मुलं ओरडली, "ताई, नवा बॉल आणला?"