सिडकोतल्या एका सेक्टरची १९९१ पासूनची वस्ती आणि कमाई कशी मांडावी?

नकाशा_एन
छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतला एक एन सेक्टर आणि त्याला लागून असलेली गुंठेवारी (शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने, परवानगीशिवाय विकून झालेली वस्ती), मिळून साधारण १,८०० घरे. इथे कोण होते, कोण आले, कमाई किती वाढली, हे नागरिकांच्या बैठकीत मांडायचे आहे. जनगणनेच्या २००१ आणि २०११ च्या वॉर्डांचे क्रमांक जुळत नाहीत आणि उत्पन्नाचा रकानाच सापडत नाही. रेडीरेकनर (जागांचा सरकारी दर) वाढला म्हणजे कमाई वाढली, असे धरता येईल का?

गणनागट
आपली जनगणना उत्पन्न विचारतच नाही, तेव्हा तो रकाना शोधू नका. २०११ च्या घरयादीत दुचाकी, कार, संगणक, खोल्यांची संख्या वॉर्डनिहाय आहे. कमाईचा अंदाज त्यावरूनच बांधावा लागतो. संगणकाचा प्रश्न २००१ ला नव्हता, म्हणून तुलना दुचाकी, कार आणि टीव्हीपुरतीच ठेवा. शहर अर्थातच 'औरंगाबाद' नावाखाली मिळेल.

वॉर्ड क्रमांकावर कधीच जोडू नका, हद्दीवर जोडा. एका वॉर्डाचे पुढे दोन झाले असतील तर त्या दोघांची बेरीज करून दोन्ही वर्षांना चालेल असा एकच तुकडा धरा. क्षेत्रफळाच्या प्रमाणात माणसे वाटू नका. मध्ये मोकळा भूखंड किंवा कारखाने आले की हिशेब पार चुकतो.

तुलनेला शहर घ्या: महापालिका हद्दीत १९९१ ला ५,७३,२७२, २००१ ला ८,७३,३११ आणि २०११ ला ११,७५,११६ माणसे. शेवटच्या दशकाची वाढ ३४.६ टक्के. तुमचा तुकडा त्याहून कमी वाढला असेल, तर माणसे वाढूनही शहरातला त्याचा वाटा घटलेला आहे.

मतदार यादीतल्या आडनावांवरून जात-धर्म काढायचा मोह कृपया टाळा. एकच आडनाव अनेक समाजांत असते. शिवाय बीड-जालन्याहून आलेल्या अनेकांची नावे अजून गावच्याच यादीत असतात.

दस्तनोंद
रेडीरेकनरवर कमाई मोजू नका. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला राज्यात दर जैसे थे ठेवले होते, बाजार काही थांबला नव्हता. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) त्यापेक्षा बरा, कारण खरेदी-विक्री किती झाली ते तरी कळते. पण गुंठेवारीतली बरीच घरे नुसत्या बाँडवर (नोंदणी न केलेल्या स्टॅम्पपेपरवर) हातोहात गेलेली असतात, ती तिथे दिसणारच नाहीत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करायची सोय झाली. त्यानंतर दस्त वाढलेले दिसले, तर नवी माणसे आली असे लगेच समजू नका. जुन्याच घरांचे कागद पक्के झालेले असू शकतात.

रेशनकार्डही सोडून द्या. शहरातली प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे, तीही बहुधा स्वतःच सांगितलेल्या उत्पन्नावर.

मध्यक
सगळ्यात मोठा घोळ सरासरीत होतो. दहा घरे, प्रत्येकी २०,००० कमाई. तीन घरे विकून गेली, त्यांच्या जागी ६०,००० वाले आले. सरासरी ३२,००० झाली, पण राहिलेल्या सातांच्या हातात एक रुपयाही वाढला नाही. मध्यक, म्हणजे कमाईच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, अजून २०,००० च आहे. म्हणून "या घरात कोणत्या सालापासून" हा पहिला प्रश्न ठेवा आणि जुन्यांचा व नव्यांचा तक्ता वेगळा करा. हे केले नाही, तर माणसे बदलल्याची गोष्ट भरभराट म्हणून वाचली जाईल, आणि ते गेलेल्यांवर अन्यायाचे आहे. गेलेले कुठे गेले, ते शेजाऱ्यांना आणि किराणा दुकानदाराला विचारा. सर्वेक्षणात ते कधीच सापडत नाहीत.

१,८०० घरांत पाच टक्के कमी-जास्त चालत असेल तर ३१७ उत्तरे पुरतात. कुलूप आणि नकार धरून ४५० दारे ठरवा, म्हणजे दर चौथे. सुरुवात १ ते ४ मधली चिठ्ठी काढून.

दार म्हणजे कुटुंब नव्हे. एका दाराला विजेचे तीन मीटर दिसतील: खाली मालक, वर वाळूजच्या कारखान्यांत पाळीने जाणारे भाडेकरू, मागच्या खोलीत विद्यार्थी. ज्यांचा स्वयंपाक एक, ते एक कुटुंब. फक्त दुपारी फिरलात तर निवृत्त मंडळीच जास्त भेटतील. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशीही जा. कमाईचा आकडा थेट विचारू नका. गटांचे कार्ड पुढे करा, सोबत कमावते किती आणि कर्जाचा महिन्याचा हप्ता किती.

नकाशा_एन
२०११ चे रुपये आजच्या रुपयांत कसे आणायचे?

मध्यक
औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. त्याचे पायाभूत वर्ष २००१ चे २०१६ झाले आहे. आजच्या आकड्याला आधी २.८८ ने गुणा, मग २०११ च्या आकड्याने भागा. येईल त्या पटीने २०११ चे रुपये गुणा. गुणायचे राहिले तर महागाई उलट घटल्यासारखी दिसेल.