मदत हवी आहे: जानेवारीत गोव्यात तीन रात्री, स्कुबा, कयाक, सायकल आणि लोळणं

पंचगंगा_काठ:
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं कोल्हापूरहून गाडीने येतोय. शुक्रवारी दुपारी पोहोचू, सोमवारी सकाळी निघू. कॅसिनो, क्लब नकोत. बायकोला पोहता येत नाही, मला विहिरीपुरतं येतं. बेत असा: मुक्काम कळंगुटला, शनिवारी जेवून कयाक, रविवारी दिवाडी बेटावर सायकल, सोमवारी सकाळी स्कुबा उरकून आंबोलीमार्गे परत. यात काय चुकतंय?

मतलई:
क्रम चुकतोय. स्कुबा करून लगेच घाट चढू नका. पाण्याखालच्या दाबाने अंगात जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश निघत राहतो. तेवढ्यात बाहेरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. विमानासाठी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्या असतील तर १८ तास थांबा, हे बहुतेकांना माहीत असतं. घाटाचा विचार कुणी करत नाही. आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे, चोर्ला त्याहून वर. उथळ बुडीत धोका कमीच, पण स्कुबा शनिवारी केलीत तर प्रश्नच मिटला.

बोटी ग्रांडे बेटाकडे जातात. बायणा, बोगमाळो ही बाजू जवळची, म्हणून शुक्रवारची रात्र तिथे काढा आणि पुढच्या दोन दक्षिण गोव्यातल्या पाळोळे किंवा आगोंदला. कळंगुट विसरा.

पैसे भरण्याआधी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, पाण्याखाली नक्की किती मिनिटं, तब्येतीचा फॉर्म भरून घेतात का. 'जेवण, डॉल्फिन, स्कुबा सगळं एकात' अशा स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा बोटीखालच्या दोरीला धरून पाच मिनिटं आणि एक व्हिडिओ मिळतो. प्रशिक्षकामागे एक, फार तर दोन जण आणि वीसेक मिनिटं हवीत.

अंदमानसारखं निळं पाणी डोक्यात ठेवून येऊ नका. इथे चार-पाच मीटर दिसलं तरी दिवस चांगला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळतो, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळ. तारीख हलवता येत असेल तर तिथी बघून हलवा.

पंचगंगा_काठ:
पोहता येत नाही तरी चालेल? आणि थोडी सर्दी असली तर?

मतलई:
पहिल्या ओळखीच्या बुडीला पोहणं लागत नाही, प्रशिक्षक धरूनच असतो. सर्दी मात्र नको. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, कान दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. थोडं वर येऊन पुन्हा करायचं. गोळी घेऊन नाक मोकळं केलं तर तिचा असर पाण्याखालीच उतरू शकतो, मग वर येताना अडकलेली हवा त्रास देते. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या आणि नाश्ता हलका ठेवा. पाव-भाजी चालेल, भज्यांचा घाणा नको.

साळ_तीर:
दुपारची कयाक काढूनच टाका. हिवाळ्यात सकाळी मतलई असते, जमिनीवरून येणारी, मंद. अकरा-बाराला समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारला पुरता भरात येतो. भाड्याच्या कयाकला बूड सपाट, वारा आडवा आला की वल्हवण्यातली निम्मी ताकद नाक सरळ ठेवण्यातच जाते.

रविवारी सातला पाण्यात उतरा. नवख्यांनी साळ नदीच घ्यावी, कावेलोशी-असोळणा पट्टा. पाळोळेहून बटरफ्लाय बीचला कयाकने जातात खरे, पण तो उघडा समुद्र, दोघांपैकी एकाला पोहता येत नसताना वाटाड्याशिवाय नको.

भरतीची वेळ बघा. जुना हिशेब आहेच: तिथी गुणिले पाऊण, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता पूर्ण भरती. हा मुंबईकडचा आकडा, गोव्यात थोडी आधी धरा. नेमकी वेळ मुरगावच्या भरती-तक्त्यात मिळेल. चढत्या पाण्याबरोबर वर जा, उतरत्याबरोबर परत या. ओहोटीत खारफुटीतले अरुंद फाटे आधी रिकामे होतात आणि आत शिरलेली कयाक चिखलात बसते. उतरून ढकलावं तर कालवांच्या कडा तळवे कापतात, म्हणून पट्ट्याचे सँडल घाला. हवाई चप्पल चिखलातच राहते.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे. लय पुढच्याने ठरवायची, दिशा मागच्याने, आणि वल्ही एकाच बाजूला एकाच वेळी पडली पाहिजेत. नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटतं, आणि पुढचं संभाषण तुम्हाला ठाऊकच आहे. लाइफजॅकेट घातल्यावर जोडीदाराला ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं तर ढिलं आहे.

फेरीबोट:
दिवाडी रविवारी नको, पाळोळेहून फार लांब पडतं. शुक्रवारी येताना चारपर्यंत जुने गोवे गाठा, गाडी अलीकडेच ठेवून फेरीने पलीकडे. सायकल आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतला, बांधाकडचा रस्ता सपाट आहे. पिएदादच्या चर्चच्या टेकडीला तेवढा चढ. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, तरी पुढचा-मागचा दिवा असू द्या.

कोकम_कढी:
लोळण्याबद्दल कुणीच बोललं नाही! मसाज शनिवारी नको, रविवारी दुपारी घ्या. बुडीनंतर अंग रगडून घेतलं आणि सांधा-स्नायू दुखला, तर दुखणं मसाजचं की बुडबुड्यांचं हे कळत नाही. आणि कयाकला पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. भाजलेल्या खांद्यांवर तेलाचा हात पडला की सगळा आराम संपला.