शेवंतीला कळी का नाही? (सोसायटी ग्रुप, बाग आणि परिसर)

ए-३०२ : सेक्रेटरी साहेब, डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला. मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, बाहेर शेवंती मागतील त्या भावाने घ्यावी लागतेय आणि आपल्या वाफ्यातल्या १८ रोपांपैकी एकावरही फूल नाही. झाडं गुडघ्याच्या वर गेलीत, नुसता पाला. जुलैत रोपांचे आणि शेणखताचे पैसे घरटी घेतले होते. काय चाललंय ते कळेल का?

सी-५०१ : माळी बदला.

सेक्रेटरी : ताई, तुमची तक्रार रास्त आहे. माळीदादांशी आजच बोलतो. सर्वांनी कृपया थोडा धीर धरावा 🙏

बी-१०४ : ऑक्टोबरात वाफ्यात युरिया पडलाय, पोतं पंपरूममध्ये अजून आहे. नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं. युरिया बंद करा. ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम घेऊन दर १० दिवसांनी फवारा, सकाळी, ऊन चढायच्या आत.

सी-५०१ : म्हणजे माळ्याचीच चूक. तीन वर्षं सांगतोय, माळी बदला.

ए-१०१ : युरियाबद्दल बी-१०४ चं बरोबर आहे, तो थांबवाच. पण कळी अडलीय ती युरियाने नाही. पंपरूमच्या मागे चार कुंड्यांत हीच शेवंती आहे, त्याच दिवशी लावलेली, तोच युरिया खाल्लेली. जाऊन बघा, कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्यात. फरक एकच आहे, त्या कुंड्यांवर रात्री उजेड पडत नाही. वाफ्यावर मात्र पार्किंगसाठी गणपतीनंतर बसवलेला ५० वॅटचा फ्लडलाइट संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत जळतो.

शेवंती रात्रीची लांबी मोजते. कळी धरायला तिला सलग साडेदहा-अकरा तास अंधार लागतो. पुण्यात आत्ता रात्र जवळपास १३ तासांची आहे, म्हणजे आपण काहीच केलं नसतं तरी ती फुलली असती. दिवा जळत राहिला की झाडाच्या हिशोबाने अजून उन्हाळाच चालू आहे. शेवंतीची शेती करणारे हेच मुद्दाम करतात. कळी थोपवायची असेल तेव्हा रात्री १० ते २ शेतात दिवे लावतात, आणि त्याला १०० लक्सच्या आसपास उजेड पुरतो.

बी-४०४ : आला का विषय दिव्यावर. दिवा बंद होणार नाही. तो लागायच्या आधी दोन गाड्यांचं पेट्रोल काढून नेलं होतं, तेव्हा बागेवाले कुणी आले नव्हते.

ए-३०२ : दिवा बंद करा असं अजून कुणी म्हटलेलंच नाही. आणि पार्किंगला लावलेला दिवा वाफ्यावर का पडतो, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

बी-२०३ : दिव्यामुळे होत असेल तर त्याच दिव्याखाली पेटुनिया कसा भरभरून फुललाय? 🤔

सी-५०१ : बरोबर. माळी बदला.

ए-१०१ : चांगला प्रश्न आहे. पेटुनियाचं गणित उलटं, त्याला लांब दिवस आवडतो. दिव्याने त्याचं भलंच झालंय. झेंडूला लांब रात्र बरी वाटते पण तो अडून बसत नाही, म्हणून त्याचं फूल आहे. गुलाबाला याचा फरक पडत नाही. शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो ही मात्र अंधारावर अडणारी झाडं. गेटजवळच्या पॉइन्सेटियाचं एक पानही अजून लाल नाही, तोही त्याच दिव्याच्या तोंडाशी आहे.

अजून शंका असेल तर वाफ्यात नारळाच्या खोडाची सावली जिथे पडते तिथलं रोप बघा, डावीकडून सातवं. सावलीतल्या फांदीवर पाच कळ्या आहेत, त्याच रोपाच्या उजेडाकडच्या फांदीवर एकही नाही.

बी-१०४ : आत्ता बघून आलो. खरं आहे. फोटो टाकतोय.

ए-३०२ : 😮 एकाच झाडावर!

सी-३०३ : शुभ प्रभात 🌹 आज टँकर किती वाजता येणार आहे?

सेक्रेटरी : ११ ला. टँकरचं कृपया मुख्य ग्रुपवर विचारावं.

ए-२०१ : फुलं आली तरी आपल्याला दिसणार आहेत का? जास्वंदीला रोज सकाळी सहाच्या आधी पिशवी घेऊन कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०३ : पूजेला चार फुलं घेतली तर बिघडलं कुठे? देवालाच जातात.

ए-२०१ : चार घ्या ना ताई. कळ्यांसकट फांदी मोडून नेली की पुढचे चार दिवस झाडावर काही उरत नाही, एवढंच म्हणणं आहे.

सेक्रेटरी : 🙏🙏 विषय शेवंतीचा आहे.

खजिनदार : दिव्याला सेन्सर बसवला तर? माणूस आला की पेटेल, एरवी बंद. वीजबिलही वाचेल.

ए-१०१ : वीज वाचेल, शेवंती नाही वाचणार. शेतातसुद्धा दिवे सलग लावत नाहीत, दर अर्ध्या तासात काही मिनिटं लावले तरी कळी थांबते. आपल्या पार्किंगमध्ये साडेअकरापर्यंत गाड्या येतात, मग कुत्री. सेन्सर दर पाच-दहा मिनिटांनी पेटणार.

बी-२०३ : मग वाफ्यावर हिरवी जाळी टाकू. ती पडूनच आहे.

ए-१०१ : ५० टक्क्यांची शेडनेट निम्मा उजेड आत सोडते, तेवढा शेवंतीला जागं ठेवायला पुष्कळ. शिवाय दिवसा ऊन कापलं जाईल, तिला निदान ५–६ तास ऊन लागतं. प्लॅस्टिकही नको. आत दव साचतं आणि पानं खालून वर काळी पडत जातात. झाकायचंच तर काळं सुती कापड, दुहेरी, बांबूच्या चौकटीवर, पानांना न टेकता. दिवा लागायच्या वेळी टाकायचं, उजाडल्यावर काढायचं. रविवारीसुद्धा. मध्ये रात्री चुकल्या की कळी रेंगाळते. चार वाजताच टाकून माळीदादांनी घरी जायचं, हेही चालणार नाही, उन्हाने आत उकडतं आणि त्याने कळी आणखी लांबते.

हे रोज कोण करणार? म्हणून सोपं सांगतो. दिव्याच्या बिजागरीला दोन बोल्ट आहेत. १३ नंबरचा पाना लागेल. ते सैल करून तोंड पार्किंगकडे, जमिनीच्या दिशेने वळवायचं. बागेच्या बाजूने पत्र्याची पट्टी लावायची, ९ इंच रुंद, दिव्याच्या कडेखाली ४ इंच उतरलेली. पत्रा काचेपासून आणि मागच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपासून दूर ठेवा, दिव्याला हवा लागली पाहिजे. मेन स्विच बंद करूनच चढायचं.

बी-४०४ : पार्किंगवर उजेड कमी होणार नाही याची हमी?

ए-१०१ : वाढेल. आत्ता निम्मा उजेड वाफ्यावर आणि कंपाउंडच्या भिंतीवर वाया जातोय.

बी-४०४ : बघू.

सी-५०१ : एवढं सगळं माळ्याला कळायला नको होतं का? माळी बदला.

ए-३०२ : काका, दिवा माळ्याने नाही लावला, मीटिंगमध्ये हात वर करून आपण लावला. तुमचाही हात वर होता.

सेक्रेटरी : शनिवारी सकाळी १० ला इलेक्ट्रिशियनला बोलावतो. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला शेवंती मिळेल का, तेवढं सांगा. संक्रांत तर गेलीच.

ए-१०१ : भरगच्च नाही मिळणार. अंधार सुरू झाल्यापासून तीन-चार आठवड्यांनी कळी डोळ्यांना दिसते, फूल उमलायला एकूण ८ ते १० आठवडे. म्हणजे २६ तारखेला कळ्या, बहर फेब्रुवारीत. तोवर ऊन तापायला लागलेलं असेल, त्यामुळे फूल झाडावर कमी दिवस टिकेल. झेंडावंदनाला झेंडू आणि पेटुनिया पुढे मांडा. पेटुनियाची सुकलेली फुलं नुसती पाकळी ओढून काढू नका, मागच्या हिरव्या गाठीसकट खुडा. गाठ राहिली की बी धरतं आणि फुलणं थांबतं.

आणि शेवंतीचा शेंडा आता कुणी खुडू नका. खुडणी ऑगस्टअखेर संपायला हवी, आता खुडलं तर येऊ घातलेली कळीच जाईल.

बी-१०४ : कळी दिसली की मावा कीड पण येणार, कोवळ्या देठावर काळा थर. निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण १ मिली, लिटर पाण्यात घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालून. पाणी सकाळी, मुळाशी. बोटाच्या एका पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच.

ए-२०१ : हे सगळं माळीदादांना मराठीत लिहून पंपरूमच्या दारावर चिकटवते.

खजिनदार : पत्र्याचा खर्च बाग फंडातून की सिक्युरिटीतून?

बी-४०४ : बाग फंडातून. दिव्याचं काम व्यवस्थित चालू होतं.

ए-३०२ : ठीक आहे, बाग फंडातून. पत्रा बसल्यावर बरोबर बसलाय हे कसं कळणार?

ए-१०१ : रात्री नऊला वाफ्याशी उभं राहून वर्तमानपत्र उघडा. बातमी वाचता आली तर पत्रा अजून २ इंच खाली घ्यावा लागेल.

बी-४०४ : शिडी माझ्याकडे आहे. शनिवारी १० ला आणतो. पार्किंगचा उजेड मी स्वतः बघणार आणि दिवा बंद होणार नाही हे मिनिट्समध्ये लिहा.