कायमचा गटप्रमुख बंद करा

खडूफळा (धागा)

वर्गात "गट करा" म्हटलं की पुढे काय होतं, हे शिक्षकांना ठाऊक आहे. पाच-सहा मुलं गोल बसतात, कायमची गटप्रमुख असलेली पहिल्या नंबरची मुलगी वही पुढे ओढते, बाकीची बघत राहतात. शेवटी तीच उभी राहून वाचते, टाळ्या सगळ्यांना. मग प्रगतिपुस्तकात आपण "गटात सहकार्य करतो" असा शेरा लिहितो. माझं मत स्पष्ट आहे: यातून एक मूल राबायला शिकतं आणि बाकीची गप्प बसायला.

दोष मुलांच्या स्वभावाचा नाही, पाठाच्या बांधणीचा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि भांडणं सुरू झाली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे पाठाचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. उरलेला पाठ हवा असेल, तर शेजारच्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. चाचणी मात्र ज्याची त्याची. या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

आपल्याकडे महात्मा फुल्यांवरचा पाठ असाच घेता येतो. एकाकडे १८४८ ची मुलींची शाळा, दुसऱ्याकडे १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, तिसऱ्याकडे १८७३ चा सत्यशोधक समाज, चौथ्याकडे १८८२ चं, ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन. आधी सगळ्या गटांतली 'हौदवाली' मुलं एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन तो शिकवतात. ही मधली पायरी अजिबात गाळू नका. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तिथेच बळ मिळतं.

आणि गटप्रमुख दर आठवड्याला बदला. उत्तर सांगणं हे त्याचं काम नव्हे. "अजून कोण बोललं नाही?" हे विचारणं त्याचं काम.

दोनशिक्षकी

सर, वाचायला छान आहे. आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोघे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. मी तिसरीला शिकवत असतो तेव्हा चौथी कोण सांभाळणार? चौथीतली एक समजूतदार मुलगी सांभाळते. तिला दर सोमवारी बदलायचं म्हटलं तर तो तास गेला. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आहेच. कायम प्रमुख ही आमची गरज आहे, हौस नाही.

खडूफळा

गरज मान्य. पण मग ती मुलगी तुमचा तास घेते, आणि त्या वेळात तिचं स्वतःचं शिकणं थांबतं. शिक्षक कमी आहेत याची किंमत एकाच मुलीने का द्यावी? आज तिच्या शेजारी दुसऱ्या एकाला बसवा, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे द्या. सुरुवातीला गोंधळ होईल, तो सोसावा लागेल.

लेकीची आई

ती "पहिल्या नंबरची मुलगी" आमच्या घरात आहे. गटाचा प्रकल्प मिळाला की रात्री अकरापर्यंत ती एकटी लिहीत बसते, कारण बाकीच्यांनी नाही केलं तर तिचेही गुण जातात. ती आता म्हणते, मला गट नकोच. तिला नेतृत्व नाही, लोकांचा राग यायला शिकवलंय शाळेने. माझं म्हणणं सरळ आहे: गटाला गुण देणंच बंद करा.

खडूफळा

पूर्ण सहमत. काम गटात, गुण एकेकट्याला. आणि प्रकल्प वर्गातच, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर व्हावा. घरी पाठवलेला प्रकल्प एकतर आई करते, नाहीतर स्टेशनरीचं दुकान.

भागाकारवाले

इतिहासाचं ठीक. गणितात हे करू नका, कळकळीने सांगतो. मी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतो. भागाकाराची रीत चुकीची समजलेल्या मुलाने ती चौघांना शिकवली, की पाच चुका दुरुस्त कराव्या लागतात. नवी गोष्ट आधी शिक्षकाने फळ्यावर नीट, सावकाश, दोनदा समजावली पाहिजे. ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराच्या, नावाखाली "मुलं आपोआप शिकतात" म्हणून शिक्षकांनी समजावणंच सोडलं, तर नुकसान गरीब घरच्या मुलाचं होतं. त्याला घरी सांगणारं कोणी नसतं.

खडूफळा

शेवटच्या दोन वाक्यांसाठी आभार. रीत शिक्षकानेच शिकवावी, यात वाद नाही. रीत आल्यावर "३४७ ला ६ ने भागताना बाकी ५ च का?" हे एकमेकांना पटवून देताना मात्र समज पक्की होते. तेव्हा शिक्षकाने गटागटांतून फिरत ऐकलं पाहिजे. खुर्चीत बसून गटकार्य होत नाही.

वसतिगृहातला

तुम्ही सगळे तासिकेतच अडकलात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. सहकार्य शिकायचं तर एकत्र राबावं लागतं, पाठाचे तुकडे करून ते येत नाही. आज मुलांच्या हातात झाडू दिसला की पालक तक्रार घेऊन येतात.

खडूफळा

कर्मवीरांबद्दल दुमत नाही. पण आजच्या शाळेत झाडू कोणाच्या हातात असतो ते जरा पाहा. बऱ्याच ठिकाणी मुलींच्या, आणि ठरावीक वस्तीतल्या मुलांच्या. घंटा वाजवायला आणि प्रार्थना सांगायला मात्र वेगळी मुलं. श्रमही फिरते हवेत, मानही फिरता हवा. पाळीचा तक्ता भिंतीवर लावा, त्यात प्रत्येकाचं नाव प्रत्येक कामापुढे आलं पाहिजे.

दोनशिक्षकी

तक्त्याचं पटलं. झाडलोट, पाणी, आहार वाढणं, परिपाठ, एवढ्याची पाळी सोमवारपासून लावतो. दुसऱ्या इयत्तेवर लक्ष ठेवायचं काम मात्र सत्र संपेपर्यंत त्याच मुलीकडे राहील. तिसरा शिक्षक मिळेपर्यंत याहून जास्त माझ्याकडून होणार नाही, आणि तिसरा शिक्षक हवा ही मागणी या धाग्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मांडावी.